बेल्जियमच्या स्थळाची चौकशी

आमच्या घरात कुठलीही चांगली बातमी आली की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "यात त्यांचा काय फायदा?" शेजारच्या मिसेस चो कुंपणावरून फीजोआची पिशवी द्यायच्या, तर बाबा एकेक फळ उजेडात फिरवून बघायचे. सुपरमार्केटमध्ये एकावर एक फुकट असलं की दोन्ही पाकिटांवरच्या तारखा तपासायचे. बाबा तिकडे, किवींच्या देशात, ईस्ट टामाकीत पॅकिंगची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीचे इंजिनियर होते. दिवसभर दुसऱ्याच्या कामातली खोट शोधण्याचा पगार घेणारा माणूस घरी आला म्हणून थोडाच थांबतो? आई बॉटनी डाउन्समधल्या क्लिनिकात फार्मसिस्ट. डॉक्टरांनी लिहून दिलेला डोससुद्धा ती स्वतः पडताळल्याशिवाय बाटलीत भरायची नाही. अशा दोघांच्या पोटी मी, रेवती, एकुलती एक. बारावीच्या वयात मी सहा फुटांच्या घरात पोचले, तेव्हा आईला माझ्या उंचीचाही संशय यायला लागला. "आपल्याकडे कुणीच एवढं नाही गं," ती दाराच्या चौकटीला टेकवून मला मोजता मोजता म्हणायची, आणि लगेच पुढे, "हिला मुलगा कुठून आणायचा?"

खेळाडूचं म्हातारपण लवकर येतं. बाकीच्यांचा संसार ऐन रंगात येतो तेव्हा आमचे गुडघे निवृत्त झालेले असतात. त्यामुळे माझ्या वयाला आत्मकथन लिहायला बसणं कुणाला आगाऊपणा वाटला तर वाटो. मला त्या एका शरद ऋतूबद्दलच सांगायचंय; तिकडे तो मार्च ते मे असतो. आमच्या घराला तेव्हा दोन आवाज होते, आत कुकरच्या शिट्ट्या आणि बाहेर ड्राइव्हवेच्या काँक्रीटवर माझ्या बॉलची धपधप. गॅरेजच्या दारावर बास्केटबॉलची रिंग लावलेली होती. शाळेतून आल्यापासून अंधार पडेपर्यंत मी तिथेच. आई खिडकीतून ओरडायची, "कुमराचा कीस थंड होतोय!" रताळ्याला आम्ही तिथल्यासारखं कुमराच म्हणायचो. दाण्याचं कूट आणि मिरची घालून आई त्याचा जो कीस करायची, तसा मला पुढे पुण्यातही कुणी खाऊ घातला नाही.

ईस्टरच्या सुट्टीतल्या स्पर्धेत सगळ्यात वरच्या बाकावर एक उंच, पिंगट केसांची बाई बसलेली आम्हाला दिसली. बाबांना आधी दिसली, हे सांगायला नकोच. "ती कुणाची आई नाहीये," हाफटाइमला ते मला पाण्याची बाटली देताना म्हणाले, "मघापासून कुणासाठीच टाळ्या वाजवत नाहीये." मॅच संपल्यावर ती खाली आली, अवघडत, तिथल्या नमस्कारासारखं "किया ओरा" म्हणाली आणि हात पुढे केला. नाव ग्रीत. बेल्जियममधल्या मुलींच्या एका व्यावसायिक क्लबची मॅनेजर. तिची बहीण आमच्या जवळच हॉविकला असते, तिच्याकडे सुट्टीला आली होती. "आमचा क्लब अगदी नवा आहे," ती म्हणाली. "मोठ्या नावाच्या खेळाडू आणायची आमची ऐपत नाही. म्हणून जिथे कुणी बघत नाही तिथे आम्ही बघतो." मी गाडीपर्यंत जवळजवळ उड्या मारतच गेले. परतताना गाडीत बाबा म्हणाले, "म्हणजे स्वस्तात माल उचलतात. स्वतःच्या तोंडानं सांगितलं तिनं. आणि काय गं, एवढ्या लांबून बहिणीकडे आलेली बाई समुद्रावर जायचं सोडून शाळेच्या पोरींचे खेळ कशाला बघत बसेल?"

त्या गावाचं नाव बाबांना कधीच नीट म्हणता आलं नाही, म्हणून आमच्या घरात त्या क्लबचं नाव नुसतं 'बेल्जियम' पडलं. तिथला शनिवारचा सामना आमच्याकडे रविवारी सकाळी दिसायचा. मग बाबा पोह्यांची बशी घेऊन सोफ्यावर बसायचे आणि मी लॅपटॉप टीव्हीला जोडायचे. त्यांनी पार जुन्या मॅचेसपासून सुरुवात केली. क्लब जन्माला आला तेव्हाची मॅच एका शाळेच्या हॉलमध्ये होती. एकच हलता कॅमेरा, छप्पर गळत असल्यामुळे कोपऱ्यात बादली, आणि मध्यंतरात खेळाडूच फरशी पुसत होत्या. बाकांवर बहुतेक त्यांच्याच आया. पुढच्या हंगामात क्लब वरच्या लीगमध्ये गेला, बाकं भरली, कुणीतरी ढोलासारखं काहीतरी आणलं. त्याच्या पुढच्या हंगामात आणखी वर. आता हॉल नवा होता, लोक भिंतींना टेकून उभे होते, आणि हा क्लब देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये पाऊल ठेवणार होता. मला ते बघताना अंगावर काटा यायचा. बाबांच्या कपाळावर आठी यायची. "इतक्या भराभर काही वर येत नाही," ते म्हणायचे. "आपल्याकडे यंत्र पहिल्याच दिवशी बिनचूक चाललं ना, तर मी ते थांबवून उघडून बघतो."

मग व्हिडिओ थांबवणं सुरू व्हायचं. "थांब. ही पाच नंबरची मुलगी मागच्या वर्षी नव्हती. कुठून आली?" "ट्रान्सफर, बाबा." "अगं पण कुठून?" रेफ्री फितूर आहेत असं त्यांना आठवडाभर वाटत होतं. मग प्रेक्षकांवर संशय. "एकाच बसनं आणलेली माणसं आहेत ही. बघ, सगळ्यांची जॅकेटं सारखी." ती क्लबची जॅकेटं होती. मग त्यांना कळलं की क्लबचा खर्च गोठवलेल्या बटाट्याचे काप विकणारी कंपनी उचलते, तेव्हा तर त्यांनी बशीच खाली ठेवली. "बटाट्यावर बास्केटबॉल?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, तुम्ही खोकी बांधायच्या यंत्रांवर घर चालवता, त्याचं काय?" पण मी बघत होते. त्यांना आता सगळ्या मुलींचे नंबर पाठ झाले होते. एका रविवारी त्यांच्या पाच नंबरचा पाय मुरगळला, तर बाबा टीव्हीसमोर उभे राहून ओरडले, "बर्फ लावा, बर्फ! उभं काय करताय तिला!" मी हसले तर म्हणाले, "हसू नकोस. माणुसकी म्हणून बोललो."

मे महिना लागला आणि ग्रीतचा मेल आला. येत्या हंगामासाठी मला संघात जागा, एका घरमालकिणीकडे बाकीच्या मुलींबरोबर खोली, शेजारच्या गावातल्या कॉलेजात प्रवेश. महिनाअखेरपर्यंत कळवा. मी तो मेल वाचला आणि बाहेर जाऊन बॉल रिंगकडे फेकला, तो गॅरेजच्या छपरावर गेला. घरात मात्र सुतक उतरलं. आईनं मेल तीनदा वाचून विचारलं, "डॉक्टर कोण आहे यांचा? गोळ्याबिळ्या देतात का पोरींना?" आणि बाबांनी तेच वाक्य उच्चारलं ज्याची मला भीती होती. "शैलाला फोन लाव."

शैलामावशी म्हणजे आईची थोरली बहीण, लोअर हटला असायची. हॉस्पिटलात नर्स, आणि ड्युटी नसेल तेव्हा वेलिंग्टनच्या अर्ध्या मराठी मंडळींची लग्नं जमवणारी. तिनं जमवलेलं एकही लग्न मोडलं नव्हतं, असं ती स्वतः सांगायची. फोन स्पीकरवर होता. "मुलगी परदेशी धाडायची म्हणजे चौकशी नको?" ती म्हणाली. मी म्हटलं, "मावशी, it's a contract. लग्न नाहीये." "त्याहून वाईट. लग्नात निदान एकाच माणसाला पारखायचं असतं, इथे अख्खी टीम!" मग तिनं बाबांना शिस्तवार सांगितलं. "भाऊजी, नीट ऐका. स्थळ बघताना आधी घरात शिरायचं नाही. आधी वाणी, मग शेजार, मग कामाला येणारी माणसं. घरचे सगळ्यात शेवटी, तेही न सांगता, जेवायच्या वेळेला. घरच्यांना आधी विचारलं तर ते गोडच बोलतात." बाबांना हे फार पटलं. त्यांच्या कारखान्यातही तपासणी अशीच, न कळवता व्हायची. मावशीच्या यजमानांचे कॉलेजातले मित्र, बर्वे, बेल्जियममधल्याच अँटवर्पच्या बंदरात नोकरीला होते. बायको भारतात, मुलगा अमेरिकेत, शनिवार-रविवार खायला उठायचा. बर्वेकाका एका पायावर तयार झाले.

त्यांचा फोन आला तेव्हा आम्ही तिघं टेबलाभोवती बसलो होतो, दहावीचा निकाल ऐकायला बसावं तसे. "बेकरीवाली म्हणाली, मुली रोज सकाळी येतात, हसतमुख आहेत," बर्वेकाका सांगत होते. "हॉल झाडणारा म्हणाला, कोच ओरडते खूप, पण अपशब्द नाही. मग घरमालकिणीकडे गेलो. कुत्रा आहे, चावरा वाटतो. विचारलं, नवी मुलगी येणार ती खोली कुठली, खिडकी कुठे उघडते, मुली रात्री किती वाजता परततात, भेटायला कोण कोण येतं. तर बाई एकदम गप्पच झाली हो." "गप्प झाली?" बाबा पुढे सरकले. "म्हणजे काहीतरी आहे." "मलाही तेच वाटलं. म्हणून समोरच्या फुटपाथवर थोडा वेळ थांबलो. घराचे फोटोही काढलेत, पाठवतो." आई म्हणाली, "किती केलंत हो आमच्यासाठी!" आज हे लिहिताना मला घाम फुटतो. पण त्या टेबलाभोवती त्या दिवशी कुणालाही, अगदी मलासुद्धा, यात काही वावगं दिसलं नाही. खोली बघायला गेलेला घरचा माणूस खिडकी विचारणारच ना?

दोन दिवसांनी ग्रीतचा मेसेज आला. तुझ्याशी एकटीशी बोलायचंय, दार लावून. मी खोलीत जाऊन व्हिडिओ कॉल लावला. बाहेर चपला वाजल्या आणि माझ्या दाराशी थांबल्या. मग स्वयंपाकघरातला धूर ओढणारा रेंजहूड बंद झाला, म्हणजे आईनंही कान इकडे लावले. ग्रीतचा चेहरा ओढलेला होता. "रेवती, तू एकटी आहेस? मोकळेपणी बोलू शकतेस?" मी हो म्हटलं. "आमच्या गावात एक माणूस फिरत होता. मुलींच्या खोल्या, खिडक्या, यायच्या-जायच्या वेळा विचारत होता. फोटो काढत होता. घरमालकिणीनं पोलिसांना बोलावलं. त्यानं तुझं नाव घेतलं. तो पोलिसांना म्हणाला, आमच्याकडे लग्नाआधी करतात तशी चौकशी करतोय." ती थांबली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "तुझं जबरदस्तीनं लग्न लावतायत का?" दाराबाहेरून आईचं "अगं बाई गं!" आलं. ग्रीत दचकली. "कोण आहे तिथे? कुणी पहारा देतंय का तुझ्यावर?"

मी समजवायचा केविलवाणा प्रयत्न केला. की लग्न नाही, चौकशी फक्त लग्नासारखी. की बर्वेकाका निरुपद्रवी आहेत. की दाराबाहेरचा पहारा म्हणजे माझी आई आहे आणि तिच्या हातात झारा आहे. माझ्याच कानांना ते सगळं संशयास्पद वाटायला लागलं. ग्रीतनं ऐकून घेतलं. "मला तुझ्यावर विश्वास ठेवायचाय," ती म्हणाली. "पण आमचा क्लब कालपरवाचा आहे. इतक्या लवकर वर आलोय म्हणून सगळे आमच्यात खोट शोधतायत. जुने क्लब, पेपरवाले, सगळे. आमच्या मुली, अनोळखी माणूस आणि पोलिस, एवढं बाहेर पडलं तरी आमचं छप्पर खाली येईल. सॉरी. ऑफर सध्या थांबवतेय मी."

मी दार उघडलं तर दोघंही समोर उभे. बाबा म्हणाले, "पोलिस? साधी चौकशी केली म्हणून पोलिस? बघ, मी म्हणत नव्हतो..." आणि मग मी जी ओरडले ती पार मिसेस चोंच्या घरापर्यंत ऐकू गेली असणार. "You wrecked it! तुम्हाला हेच पाहिजे होतं! काहीतरी वाईट सापडावं म्हणून शोधत होतात, सापडलं नाही तर तुम्हीच तयार केलंत!" मी दार आपटलं. पुढचे काही दिवस मी घरात कुणाशी बोलले नाही. ड्राइव्हवेवर गेले नाही. आई ताट दाराशी ठेवून जायची, कारखान्यातून आलेले बाबा गाडी गॅरेजबाहेरच लावून उगीच रिंगकडे बघत उभे राहायचे. महिना संपत आला होता आणि मला वाटायचं, माझं आयुष्य त्याच्या आधीच संपलंय. त्या वयात वाटतं तसं.

मग एका संध्याकाळी आई कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे तिकडच्या वाण्याकडून, दूध घेऊन आली ती पिशवी हातात तशीच धरून. डेअरीवाल्या पटेलांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बेन, एक गोरी बाई तुमची पूछताछ करीत होती. मुलगी एकटी बाहेर येते का, बाप मारतो-बिरतो का." बाबा उभेच राहिले. "आमची? आमची चौकशी?" तेवढ्यात खिडकीतून दिसलं की मिसेस चोंच्या दाराशी एक उंच, पिंगट केसांची बाई उभी आहे आणि मिसेस चो, ज्या आमच्याशी वर्षातून चार शब्द बोलायच्या, त्या हातवारे करून तिला काहीतरी भरभरून सांगतायत. बाबा पडद्याआडून बघत पुटपुटले, "हे बरोबर नाही हं. कुणाच्या खाजगी आयुष्यात असं..." आणि आईला हसू फुटलं. ती हसतच सुटली, ओट्याला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मावशीला फोन लावला तर तिकडून आवाज आला, "आधी वाणी, मग शेजार? बाई मुरलेली दिसते. आता पोळ्या जास्तीच्या लाट, जेवायच्या वेळेला येईल."

आलीच. एल्स, ग्रीतची बहीण, हॉविकला शाळेत शिकवणारी, पंधरा-वीस वर्षं इथे राहून अर्धी किवी झालेली. दाराशी बूट काढले, तेव्हा आईच्या चेहऱ्यावर पहिला मार्क पडलेला मला दिसला. पोळी, वरणभात, कीस आणि फीजोआची चटणी. तिनं सगळं खाल्लं आणि मग सरळच सांगितलं, "बहिणीनं मला तुमच्याबद्दल विचारून यायला सांगितलं होतं. डेअरीत आणि शेजारी विचारलं. I'm sorry, फार विचित्र वाटलं मला." बाबांना राहवलं नाही. "काय म्हणाले ते?" "पटेल तर heaps बोलले, थांबेचनात. मिसेस चो म्हणाल्या, मुलगी बॉल टाकते, बाप बॉल आणून देतो. रोज. पावसातसुद्धा, जँडल्सच्या रबरी चपला घालून. फार आवाज होतो, पण आता आठवडाभर बंद आहे, तर त्यांना झोप लागत नाही." बाबांनी भाताकडे बघितलं आणि त्यात नसलेला खडा शोधायला लागले.

मग एल्स माझ्याकडे वळली. "आणि तुला? तुला जायचंय?" मी पोळीचा तुकडा मोडत राहिले. बेकरीवालीला विचारून झालं होतं, झाडूवाल्याला, घरमालकिणीला, पटेलांना, मिसेस चोंना. हा प्रश्न घेऊन माझ्याकडे मात्र कुणी आलंच नव्हतं. आणि मी तरी कुठे स्वतःला विचारलं होतं? माझ्या मनात त्या सगळ्या दिवसांत एक घाणेरडी शंका बसली होती की ग्रीतची माझ्याबाबतीत चूक झालीय, तिथे जाऊन मी सगळ्यांसमोर कच्ची निघेन. चौकशी लांबत होती तोवर मला त्याचं उत्तर द्यावं लागत नव्हतं. "हो," मी म्हटलं. मग एल्सकडे नाही, बाबांकडे बघून म्हटलं, "मला जायचंय, बाबा. भीती वाटतेय, पण जायचंय." आई म्हणाली, "मग बोलायचंस ना गं आधी," आणि माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

एल्सनं तिथेच फोन काढून बहिणीला लावला. त्या दोघी त्यांच्या भाषेत बोलत राहिल्या आणि आम्ही तिघं तिच्या ओठांवरून काही कळतंय का ते बघत बसलो. मध्येच तिनं फोनवर हात ठेवला आणि बाबांना विचारलं, "ग्रीत म्हणतेय, वडिलांच्या मनात अजून काही शंका असतील तर आत्ताच सांगा. नंतर माणसं पाठवू नका." बाबा घसा खाकरून, कारखान्यात बोलायचे त्या इंग्रजीत म्हणाले, "शंका खूप आहेत. छपराची आहे. त्या बटाटेवाल्याची आहे. कुत्र्याची आहे. तुमच्या बहिणीचीही थोडी आहे." "आणि मुलीबद्दल? ग्रीतला विचारायचंय, ही टिकेल का तिथे?" बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. "तिची चौकशी करायला नको," ते म्हणाले. "ती मी रोज केलीय, पाच वर्षं, रिंगखाली उभा राहून. खोट शोधायचीच सवय आहे मला. हिच्यात नाही सापडली."

माझ्या खेळाबद्दल त्यांच्या तोंडून चांगला शब्द मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मला ताटच दिसेना. एल्सनं ते वाक्य आपल्या भाषेत फोनमध्ये सांगितलं. मग ग्रीत काहीतरी म्हणाली आणि एल्स खुदकन हसली. ती काय म्हणाली ते एल्सनं आम्हाला सांगायच्या आतच आई खुर्चीवरून उठली, डबा उघडून देवापुढे साखर ठेवली आणि हात जोडले.